आज्जीच्या सवयींची चौकशी

नंदिगड्डे,
६ जानेवारी २०२५

चि. रक्षा हिस,
आज्जी फुलाचे पोटभर आशीर्वाद.

नव्या वर्षाचा एवढा डांगोरा पिटलास आणि पत्रावर साल घातलंस जुनंच! मला अक्षर येत न्हाई, पण तुझी मंगलकाकी वाचताना हसली म्हणून कळलं. बदाम खा गं बाई. बेळगावात मिळत असतील.

चहा सोडलास, पहाटे उठून फिरतेस, मोबाईल उशाला घेत न्हाईस. बरं झालं. आमचं वर्ष पाडव्याला फिरतं, तोवर यातलं काय उरतंय ते बघू. पण तुझ्या सवयी अर्ध्या पानात आटपल्या आणि माझ्या चौकशीला दोन पानं? तंबाखू किती खातेस, चुलीजवळच निजतेस का, खुर्चीच्या संडासावर बसायला जमेल का, झऱ्यावर एकटी जातेस का. अगं, बैल घेताना दात बघतात तशी तू माझी तपासणी मांडलीस. कोण गिऱ्हाईक आलंय मला?

दिवाळीला तुझा बाप आला तेव्हा माझ्या लाकडी पेटीला टेप लावून बघत होता. विचारलं तर म्हणाला, सहज. परशुराम सहज काही करत न्हाई. लहानपणी सहज म्हणून झाडावर चढायचा आणि लोकांचे फणस घेऊन उतरायचा.

आणि झऱ्याचं तुला कुणी सांगितलं? श्रावणात मी तिथं घसरून पडले ते आम्हा दोघींनाच ठाऊक. एक मी. दुसरी आत्ता हे लिहितेय, आणि तिचं पेन थांबलंय. लिही म्हटलं, हेही लिही.

खरं काय ते कळव. तोवर माया हाय, भरवसा न्हाई.

तुझी आज्जी,
फुला
(हस्ते मंगल)

•

बेळगाव,
१४ जानेवारी २०२५

ती. आज्जीस,
रक्षाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

साल चुकलं, कान धरले. चहाही पुन्हा सुरू झाला. पाडव्यापर्यंत थांबायची गरज नाही. सोबत तिळगूळ आहे.

मंगलकाकी, पुढचं सगळं आज्जीला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

आज्जी, आप्पांनी इथं तळमजल्यावर घर घेतलंय. मागची खोली तुझ्यासाठी. पेटी खिडकीखाली मावते, ते त्यांनी मोजलंय. कायमचीच ये, असं त्यांच्या मनात आहे, पण तुला सरळ विचारायची छाती होत नाही. म्हणाले, आधी तिची एकेक सवय सोडवू, मग घरही सुटेल. म्हणून मला पत्र लिहायला बसवलं.

झऱ्याचं काकीनं सांगितलं. जोयड्याच्या बाजारात रेंज मिळाली तेव्हा तिनं आप्पांना फोन केला. तू शपथ घातली होतीस, तरी केला. ती आणि लखूकाका रानात कामाला गेले की तू घरी एकटी, आणि तिचा जीव थाऱ्यावर नसतो. सांगताना रडली, असं आप्पा म्हणाले.

आता मी सरळ विचारते, येशील का? नाही म्हणालीस तरी रुसणार नाही. रुसले तरी थोडीच.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
रक्षा

•

नंदिगड्डे,
२५ जानेवारी २०२५

चि. रक्षा हिस,
आशीर्वाद, या खेपेला भरवशासकट.

तिळगूळ पोचला. दगड होता, चोखून संपवला.

संशय माझा खराच निघाला, झऱ्याचं मंगलनंच सांगितलं; फक्त माणूस ओळखायला मी चुकले. तुझं पत्र मंगलनं अंगणात बसून वाचलं. झऱ्याचं कुणी सांगितलं तिथवर आली आणि थांबली. मला वाटलं, आता ही उडी मारून पुढं जाणार. मला काय कळणार होतं? कागदावरचं काळं ते सगळं मला सारखंच. पण तिनं वाचलं. स्वतः रडली तेसुद्धा वाचलं, मान खाली घालून. मग म्हणाली, आत्या, बोला आता काय बोलायचं ते. मी म्हटलं, तंबाखू घशात अडकलीय, पाणी आण.

हिच्यावर संशय घ्यायची मला सवयच होती. आमटी पातळ झाली तरी वाटायचं, मुद्दाम केली. तुझ्या नव्या वर्षाला मान देऊन ती एक सवय सोडली. तंबाखू न्हाई सोडणार. सगळंच सोडायला मी काय संन्यास घेतलाय?

आता येण्याचं. परवा आम्ही मुडलीचे कंद खणले. कंद घरात आणला तरी डोळा असलेला तुकडा परत त्याच मातीत लावायचा, ही आपली रीत. न्हाईतर पुढच्या साली काय खणणार? तेव्हा उळवीची जत्रा झाली की मी येते. गाठोडं घेऊन येते, पेटी इथंच राहील. मिरगाआधी परत. पेरणीला मी बांधावर न्हाई, असं अजून झालेलं न्हाई. तुझ्या बापाला सांग, न्यायला ये, टेप घरी ठेव, आणि आईला विचारायचं ते तोंडानं विचार.

परत आल्यावर झऱ्यावर एकटी जाणार न्हाई, असं मंगलच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तिला खरं वाटलं न्हाई. आता संशयाची सवय तिला लागली.

माया हाय ती हायच; वाढवायची तर पाणी तू घाल.

तुझी आज्जी,
फुला
(हस्ते मंगल)

ता. क. बेळगावचा कुंदा पाठव. वर नाव मंगलचं घाल. माझ्या नावानं आला तर ही सगळा मला चारेल आणि स्वतः रिकामा डबा धुवायला नेईल.