रादिमच्या लाकडी बासरीपायी

चि. आलोइसला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू मागितला नाहीस, पण माझ्याकडे पडून होता, म्हणून पाठवते.

तुझा गुडघा कसा आहे? बिअर सोडलीस का? सोडली नसशीलच, विचारायची पद्धत म्हणून विचारलं. मी बरी आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, पण चर्चची घंटा काही माझ्यासाठी खाली उतरून येत नाही, तेव्हा रोज चढते.

तुझा मुलगा रादिम माझ्याकडे आहे. (मला मुलगा नाही, असं तू सगळ्या पंचक्रोशीत सांगत फिरतोस ते ठाऊक आहे. मग ते तुझं नाक त्यानं कुठून आणलं?) एकटा नाही, सगळा ताफा घेऊन आलाय. ओसरीवर सारंग्या, पलंगावर तुताऱ्या, आणि स्वयंपाकघरात पियानोचा कोणीतरी हडकुळा भाऊ, त्याला वळसा घालून मी चुलीपाशी जाते. वाजवतात कमी आणि सूर जास्त लावतात. माझे बटाटे शिजतात, गार होतात, तरी यांचं चाललेलंच.

तुझी तक्रार मला पाठ आहे. कालवड विकून तू त्याला चांदीची बासरी घेऊन दिलीस, स्वतःच्या बँडमध्ये पहिल्या रांगेत उभं केलंस, प्रागला शिकायला धाडलंस. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात कायमची नोकरी लागली, शेपटीचा काळा कोट मिळाला. आणि त्यानं ती बासरी विकून जुन्या काळच्या बासरीची लाकडाची नळी घेतली, नोकरीला रामराम ठोकला, आणि आता अर्धपोटी पोरापोरींपुढे उभा राहून हात हलवतो. खरं सांगते, ती नळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं धुराड्यात वारा शिरला. उठून झडप लावायला गेले. पण चार दिवसांत कान सरावला, आणि आता तुझा बँड ऐकला की वाटतं कोणी गाडीभर पातेली उतारावरून सोडून दिलीत. राग मानू नकोस. मान हवा तर.

वाजवणार आहेत ते काही परदेशातलं नाही. आपल्याच शाळेच्या मास्तरनं अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याच चर्चसाठी रचलेली प्रार्थना आहे. माळ्यावर कबुतरांखाली पडली होती, रादिमनं पान पान खरवडून काढली. जत्रेच्या रविवारी, दुपारी, चर्चमध्ये.

मधे एक घोटाळा झाला. त्या मोठ्या सारंगीवाल्या पोरीच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात. तिनं एक चुलीवरच्या दांडीला लटकवली, दमट हवेनं सैल पडली म्हणे. आता आपल्या घरात चुलीवर आतडं लटकत असेल तर ते कशासाठी असतं? मी पाहुण्यांसाठी हंस भरला आणि त्या तारेनं पोट शिवून भट्टीत घातला. पोरगी रडली. मी म्हटलं, "बाई, टाका एकही सुटला नाही, बघ, दणकट तार होती." तरी रडत होती. पण दोनदा वाढून घेतलं.

तर मुद्दा हा की मंगळवारी जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्यातून कॉम्रेड सौच्कोवाबाई मोटारीतून आल्या. म्हणाल्या, कार्यक्रमाला आमची हरकत नाही, पण देवाचं नाव नको, शब्दांच्या जागी नुसतं ला-ला-ला म्हणा. मला वाटलं रादिम मान डोलावणार. तुझ्यासारखा ओरडणारा नाही तो, दुकानात उरलेले पैसे मागायचीही त्याला लाज वाटते. पण तो म्हणाला, "शब्द राहतील, बाई. मास्तरनं लिहिलेत, मला खोडता येत नाहीत." इतक्या हळू म्हणाला की बाईंना दोनदा विचारावं लागलं, आणि दोन्ही वेळा तेच म्हणाला. मग बाई माझ्याकडे वळल्या, चर्चची किल्ली द्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ॲप्रनच्या खिशात आहे, घ्या काढून." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं, आणि मोटारीत जाऊन बसल्या.

बसल्या, पण गप्प बसल्या नाहीत. प्रागहून येणारे दोन तुतारीवाले दुसऱ्याच दिवशी तिथेच अडकवून ठेवले. (त्यांच्या तुताऱ्या आधीच येऊन पडल्यात, त्याच त्या पलंगावर.) आणि काल कळलं की रविवारी त्याच वेळेला चर्चसमोरच्या चौकात तुझा बँड लावलाय. जोरात वाजवा असंही सांगितलंय म्हणे. तुला जोरात वाजवा म्हणून सांगावं लागतं हे ऐकून मला हसूच आलं.

मी काही मागायला लिहीत नाहीये. खुशाल वाजव. पोटच्या पोराचा आवाज बुडवायचाय, बुडव. आमच्या भिंती जाड आहेत. पाद्रीबाबा म्हणाले, कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर ढकलू, तर मी त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात त्या बाईला आणखी एक बँड सापडेल. रविवारी म्हणजे रविवारीच. ऐकायला मी एकटी असले तरी.

तुझी ताई,
आपोलेना

ता.क. भिंती जाड आहेत, पण गारपिटीत चौकाकडच्या खिडक्या फुटल्या त्या अजून तशाच आहेत. वरचं सगळं मी तोऱ्यात लिहिलं. तू वाजवलंस तर आत काही म्हणजे काही ऐकू येणार नाही.

ता.क. दुसरा. तुतारीवाल्यांच्या ओळी रादिमनं दुसऱ्या कोणाला वाटून दिल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आत्या, बिनबटणाची तुतारी फुंकणारा या भागात एकच माणूस उरलाय, घोडदळात शिकलेला. तो रविवारी बाहेर चौकात असेल." एवढं बोलून सूर लावायला गेला. मी लिहितेय हे त्याला माहीत नाही.

ता.क. तिसरा. तुताऱ्या दोन आहेत, तेव्हा तुझ्याबरोबर घोडदळात होता तो तुझा ढोलवालाही आण. बाकीच्या बँडला नुसतं ऐकायला आत बसव, बाक भरपूर आहेत. मग चौकात कोण वाजवतं ते कॉम्रेडबाई बघतील. सूर नेहमीपेक्षा अर्धा उतरलेला आहे, म्हणून तालमीला शनिवारीच ये. तुझं पोरगं चुका ऐकून घेत नाही, मलाही टाळ्या कुठे वाजवायच्या त्यावरून बोललाय. तुला बोलला तर उलट उत्तर देऊ नकोस.