वांग्याच्या ओळीवरची लाल चिंधी

माय, तुझ्या विचारण्याची मला लाज वाटायची. अकोल्याच्या जुन्या शहरात फवारणीच्या औषधाच्या दुकानासमोर तू टोपली टेकवायचीस आणि सुरू व्हायचीस: हे कोणत्या किडीचं, मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही. मागे रांग खोळंबलेली. दुकानदार वैतागला, तर म्हणालीस, "लोकायच्या पोटात जाते हे. मंग इचारू काहून नाही?" फवारलेल्या ओळीला तू लाल चिंधी बांधायचीस. चिंधी असेपर्यंत त्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही.

आता मला संधिवात आहे. माझी प्रतिकारशक्ती बाहेरच्यांना सोडून माझ्याच सांध्यांशी भांडते. माझीच ती, दुसरं काय करणार. तिला दाबून ठेवायला दर रविवारी गोळी घेते. यंदा अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी फ्लूची लस सांगितली आणि मी हबकले. लशीने ती जागी होऊन पुन्हा माझ्याच गुडघ्यांवर धावली तर? पण विचारू कोणत्या तोंडाने? लशीवर शंका काढणाऱ्यांची टर उडवणारा लेख मीच लिहिला होता, आणि तो बाईंच्याच दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला. उठून दारापर्यंत गेले. तिथे तुझी टोपली आठवली. परत येऊन बसले, विचारलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, या लशीत जिवंत विषाणू नाही, तिच्याने फ्लू होणार नाही. दुखणं चार दिवस वाढलंच तर मला सांगा, बहुतेकांचं वाढत नाही. जिवंत विषाणूची लस मात्र मला विचारल्याशिवाय कुठेच घेऊ नका. सांधे सध्या शांत आहेत, तर लशीनंतर दोन रविवार गोळी बंद ठेवा, लस चांगली लागू पडेल. मग म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. तुमचा लेख लावल्यापासून लोक विचारतच नाहीत."

उठून तो लेख मीच भिंतीवरून काढला. लस घेतली. दंड दोन दिवस दुखला, गुडघे गप्प राहिले. चुकून गोळी घेऊ नये म्हणून पाकिटाला लाल चिंधी बांधली आहे. हे शहाणपण तुझं, माय. माझ्याकडे नुसती जीभ आहे.

चिंधीवरून एक सांगायचं राहिलं. एकदा चिंधी दिसली नाही म्हणून तू फवारलेली ओळ तोडलीस. बाजाराला निघताना ध्यानात आलं, भरली टोपली खड्ड्यात पुरलीस आणि गाठ सैल बांधली म्हणून दिवसभर स्वतःलाच बोलत राहिलीस. मी म्हटलं, वाऱ्याने उडाली असेल.

हे पत्र गोळ्यांच्या डब्यातच ठेवते. गाठ पक्की होती, माय. बाहुलीच्या लुगड्यासाठी ती मी सोडली होती.