निताच्या लग्नाची भिंत

कळमनुरी
शनिवार, २० डिसेंबर २०२५

चि. नचिकेत यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवार, १९ डिसेंबर, दुपारी साडेतीन. तुझ्या कलावाट समितीच्या पोरांनी माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर पांढरा रंग फासला, तो हा दिवस आणि ही वेळ. मी तेव्हा नांदेडला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आडवी होते. वेळ समोरच्या अमिनाबीने सांगितली. ती ओरडत धावली की अरे, लेकीचं नाव हाय त्याच्यावर, काहून पुसून राहिले. पोरं म्हणाली, खाला, वरून हुकूम हाय, सगळी गल्ली एका रंगात पाहिजे. आज सकाळी शहरातून आणलेल्या चित्रकाराने त्यावर बैलगाडी आणि घागर घेतलेली बाई काढली. खाली लिहिलं, 'आपली लोककला'. मी एका डोळ्याला पट्टी लावून संध्याकाळी रिक्षातून उतरले, तर वाटलं रिक्षावाल्याने दुसऱ्याच कोणाच्या दारात सोडलं.

त्या भिंतीवर काय होतं हे तुला सांगायची गरज नाही, निताच्या लग्नात तू दोन वेळा जिलेबी मागून घेतली होतीस. तरी लिहिते, म्हणजे माहीत नव्हतं असं नंतर कोणी म्हणायला नको. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर वधूवरांची नावं, हत्ती, भालदार-चोपदार रंगवतात आणि ऊनपावसाने उडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. तुझी आतेबहीण, गंगूताईची निता, माझ्या घरून सासरी गेली, तेव्हा ती भिंत अमिनाबीच्या नवऱ्याने, खाजा मियांनी, रंगवली. छज्ज्याखाली होती म्हणून इतकी वर्षं टिकली. त्यातल्या पोपटाचा हिरवा रंग निताने हट्टाने स्वतः भरला आणि ओल्या रंगात चोचीपाशी तिचा अंगठा उमटला. खाजा मिया आधी चिडले, मग हसले. तिची लेक सपना तीन महिन्यांची असताना निता गेली. मागे तो अंगठा होता.

कलावाटेत लोकांनी घरोघरची कला पाहत फिरायचं ठरलं, तेव्हा हीच भिंत दाखवायची म्हणून मी नाव दिलं. तू येऊन पाहून गेलास, मान डोलावलीस, चहा प्यायलास.

हे पत्र रात्रीच हातोहात पाठवते आहे, उद्या माझ्या दारी कोणाला आणू नकोस. आणि मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवू नकोस. हे कसं भरून देणार, ते कागदावर लिही.

तुझी आत्या, आणि सातवी-आठवीला तुझी बाई,
रेवती


साखरा
२३ डिसेंबर

चि. रेवतीस गंगूताईचे लाख आशीर्वाद.

डोळा कसा हाय? फोनवर मला ऐकू येत न्हाई आन तू ओरडलीस की सगळ्या गावाला ऐकू जातं, म्हणून लिहून राहिले. बापूंनी तुला औरंगाबादला सिस्टरांच्या शाळेत घातलं आन मला साखऱ्याला दिलं, तवा माझ्या अक्षराला हसू नको.

दिवाळीपासून सपना माझ्यापाशीच हाय. जावयाच्या नव्या संसारात लेकराचं मन रमंना. रोज आईचं इचारती. फोटो दाखवले, तर ही नटलेली बाई कोण म्हणती. फोटो तिला आपला वाटतच न्हाई. मग म्या भिंतीचं सांगितलं, की मावशीआजीच्या घरावर तुझ्या आईनं रंगवलेला पोपट हाय, त्याच्यापाशी तिचा अंगठाबी हाय. तवापासून पोरगी अंगठा पुढं करून फिरून राहिली. आजी, माझा त्याच्यावर बराबर बसंल का, एवढंच इचारती. जेवतानाबी तेच.

भोगीला, तेरा तारखेला, तिला घेऊन येते. तीळ लावून भाकरी तूच कर, तुला जमत न्हाई तरी. तिकडं पट्टी काढून चष्मा शोधत बसू नको, आराम कर. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
गंगू


हिंगोली
२४ डिसेंबर

ती. रेवतीआत्यास सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. डोळ्यास जपावे. झालेल्या गैरसोयीबद्दल समिती दिलगीर आहे. पाहुणे येणार असल्याने सर्व दर्शनी भिंती एकसारख्या करण्याचे ऐनवेळी ठरले. आपल्या घरास कुलूप असल्याने विचारता आले नाही. रविवारी गर्दी इतकी झाली की लोकांना आपल्या दारापुढून वळवणे शक्य झाले नाही.

आनंदाची गोष्ट अशी की प्रेक्षकांनी सर्वाधिक पसंती आपल्याच भिंतीला दिली. प्रमाणपत्र सोबत आहे. आपल्या भावना लक्षात घेता बैलगाडीच्या चाकाजवळ कै. निताताईच्या नावाची छोटी पाटी लावता येईल. किंवा खाजा मियांनी जुने चित्र आतल्या भिंतीवर पुन्हा काढावे, खर्च समितीचा. आत्या, रागावू नका, शेवटी रंगच तो. पुढील वर्षीही आपला सहभाग राहील अशी आशा करतो.

भाच्यावरची आपली माया कमी न व्हावी ही विनंती.

आपला,
नचिकेत


कळमनुरी
२८ डिसेंबर

ती. गंगूताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं. उत्तराचे तीन कागद फाडले, हा चौथा. ताई, भिंत गेली. आपल्या उद्धवच्या नचिकेतने आणि त्याच्या समितीने मी नांदेडला असताना ती रंगवून टाकली. आता तिथे बैलगाडी आहे. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

मी खाजा मियांना बोलावलं. त्यांनी नखाने कोपरा खरवडून पाहिला. वरच्या रंगाबरोबर खालचा हिरवा पापुद्राही सुटून त्यांच्या तळहातावर आला. तेवढ्यावर त्यांनी हात मागे घेतला. मग मी म्हणाले, नवं काढा, अगदी तसंच. ते पायरीवर बसले. म्हणाले, बाई, हत्ती म्हणाल तेवढे काढतो. पण वर शुभविवाह लिहून गेलेल्या लेकीचं नाव कसं लिहू? लगीन असंल तवाच ते लिहायचं, माझ्या बापानंबी कधी दुसऱ्यांदा लिहिलं न्हाई. आन अंगठा कोणाचा लावू?

मी त्यांना नको ते बोलले. माझ्या जिभेची तुला माहिती आहे. अमिनाबीने मला पाणी दिलं आणि त्यांना हाताला धरून घरी नेलं.

सपनाला आणू नकोस. मुलगी लहान आहे, विसरेल, असं लिहिणार होते. लिहवत नाही, आणि ते खरंही नाही.

तुझी धाकटी,
रेवती


साखरा
२ जानेवारी २०२६

चि. रेवतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. सपनाला शेजारच्या सोजराबाईनं जेवू घातलं.

खाजा मियांवर चिडू नको, त्यांची माफी माग. बराबर बोलले ते. त्यांनी लिहितो म्हणलं असतं तर म्याच लिहू दिलं नसतं. नचिकेताशी भांडून काय मिळणार? तो आणखी एक प्रमाणपत्र धाडून देईल.

सपनाला म्या काही सांगितलं न्हाई. काल तिनं हिरव्या खडूनं अंगठा रंगवला, आता हात धुऊ देत न्हाई. म्हणती, आईचा हिरवा हाय तर माझाबी हिरवा पाहिजे. आमी तेरा तारखेला येऊन राहिलो. न आणून काय करू, तिनं पिशवी भरून ठेवली. तू मास्तरीण, जन्मभर लेकरांना समजावलंस. हे तूच सांग. मला जमत न्हाई.

तुझ्याच आधारावर असलेली,
गंगू


कळमनुरी
सोमवार, ५ जानेवारी २०२६

नचिकेत,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते तुझ्या आजोबांच्या आठवणीसाठी.

प्रमाणपत्र परत पाठवते आहे. तुझं पत्र मी एका डोळ्याने वाचलं तरी पुरेसं दिसलं. गैरसोय झाली, भिंती एकसारख्या करण्याचे ठरले, विचारता आले नाही. या पत्रात कोणी काही केलेलंच नाही. आमच्या सिस्टर असं निवेदन लिहिणाऱ्याला बाकावर उभं करायच्या. मी तुला कधी केलं नाही, ते करायला हवं होतं. घराला कुलूप होतं. माझा फोन चालू होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तूच त्यावर शुभेच्छा धाडल्या होत्यास.

पाटी नको. खाजा मियांनी नकार दिला आहे आणि तो योग्य आहे. काल त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागून आले. भिंत परत येणार नाही हे मला समजलं आहे, तेव्हा ती मी मागत नाही. चित्रकाराला दोष देत नाही, त्याला कोरी भिंत दाखवली गेली. पोरांनाही नाही. तू पोपट पाहिला होतास. अंगठा मी तुला बोट लावून दाखवला होता.

तेरा तारखेला सकाळच्या एसटीने सपना येते आहे. अंगठ्याला हिरवा खडू लावून. ती बैलगाडीपुढे उभी राहील, हात वर करील आणि कुठे लावू म्हणून मला विचारील. गंगूताईला सांगवलं नाही, मलाही सांगवणार नाही. शेवटी रंगच तो, हे वाक्य तुला सुचलं आहे, तर पुढचंही तुलाच सुचेल. त्या लेकराला काय सांगायचं, ते समितीच्या नव्हे, तुझ्या स्वतःच्या सहीने, लेखी, सोमवार दिनांक १२ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे.

मायेचं तेरा तारखेनंतर पाहू.

रेवती