प्राणवायूच्या नळीचं बूच

९ सप्टेंबर, मंगळवार
रॉकेट कंपनीच्या चाकणच्या गेटवर पाहुण्यांसाठी सेफ्टी शूजचे पाच जोड ठेवलेत. आज माझ्या वाट्याला जो आला त्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे. रीतसर तक्रार केली. वॉचमन म्हणाला, उजवे दोन सध्या आत फिरतायत. म्हणजे माझ्यासारखाच कोणी दुर्दैवी जीव दोन उजव्या पायांनी यार्डात हिंडत होता, आणि आमची भेट काही झाली नाही. शास्त्राने प्रदक्षिणा उजवी सांगितली आहे. मी दोन डाव्या पायांनी घालून आलो. करंगळी सुजली. याची दखल इतिहासानेच घ्यावी, संपादक घेणार नाहीत.
काम: उड्डाणतळ लांब समुद्रकाठी, पण तिथला मनोरा इथे बनतोय. इथे उभा करून तपासायचा, मग सोडवून ट्रेलरवर चढवायचा. आज ९ पैकी ४ तुकडे उभे. सदराची सोय झाली.

१२ सप्टेंबर, शुक्र.
क्वालिटीच्या क्षितिजा पवारने प्राणवायूची नळी दाखवली. मनोऱ्याच्या अंगावरून वर जाते. गार करून पातळ केलेला प्राणवायू तिच्यातून रॉकेटात भरायचा. आतून धुऊन, पुसून, दिव्याखाली तपासून ठेवलेली. तोंडाला निळं प्लास्टिकचं बूच, बुचावर तिच्या सहीचा स्टिकर. मी कौतुकाने हात पुढे केला तर बाईंनी मनगटच धरलं. "सर, तेलाचं बोट लागलं तरी आत पेट घेऊ शकतं. तुमच्या डोक्याला खोबरेल आहे ना? मग तिकडेच उभे राहा."
कराडची. सव्वीस वर्षांची. मारुंजीत एका खोलीत तिघी राहतात, तिथून रोज चाकण. माझ्या आईचं आणि हिचं चांगलं जमलं असतं. आई पण ओलेत्याने आल्याशिवाय लोणच्याच्या बरणीला हात लावू द्यायची नाही.

१६ सप्टें.
सदर छापून आलं. मथळा माझाच: 'रॉकेटाचं सोवळं'. तेलाच्या बोटाचा किस्सा चांगला रंगवला. तीन फोन आले, त्यातले दोन स्तुतीचे. तिसरा वीजबिलाबद्दल.
मनोरा कंपनीच्या हिशेबात ६. गेटसमोरच्या टपरीवाल्या दत्तूभाऊंच्या हिशेबात ५. यार्डातली अर्धी जमीन पूर्वी त्यांची, त्यामुळे मोजायचा हक्क त्यांचाच. "पत्रकार, सहावा अजून जमिनीवर झोपलाय. उठला की सांगतो." छापलं ५. कंपनी नाराज.

२६ सप्टें., शुक्र.
९ पैकी ७. तिथपर्यंतची नळी जोडली. क्षि. ने शेवटची तपासणी करून नवा स्टिकर लावला, सही केली आणि घट बसलेत म्हणून कराडला गेली. सोमवारी ६ तारखेला परत येणार, ७ ला नळीत प्राणवायू सोडून चाचणी.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी
यार्डात यंत्रांची पूजा. क्रेनला झेंडू, वेल्डिंग मशीनला झेंडू, साहेबांच्या गाडीला सगळ्यात मोठा हार. गुरुजी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. फोरमन बळीराम कदम (लातूरचा, हाताने काम करणारा, तोंडाने कमी) म्हणाला, सर, तुमीच म्हना की दोन मंत्र, तुमचं संस्कृत झालंय. मला काय, आवाज लागलाच होता. पोरं हात जोडून उभी. इतका मान पेपरात वीस वर्षांत मिळाला नाही.
मनोऱ्यापाशी आलो. नळीच्या तोंडाला बूच. मी म्हणालो, "अहो, तोंडात बोळा कोंबून पूजा होते का कुठे?" सगळे हसले. बळीरामने स्टिकर हलक्या हाताने सोलला, बूच काढलं. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून मी घरून शेंदूर तेलात कालवून नेला होता. कडेवर स्वस्तिक काढलं. बोट थोडं आतल्या काठाला लागलं असेल. बळीरामने माझ्याच फोनवर फोटो घेतले. मग बाहेरची कड फडक्याने पुसून बूच, स्टिकर होता तसा.
पेढे चांगले होते.

७ ऑक्टो., मंगळ.
चाचणी. आम्ही सगळे लांब, काँक्रीटच्या भिंतीआड, काचेतून बघत होतो. अकराच्या सुमारास नळी पांढरी पडली, दहिवर जमलं. मग तोंडाशी कसलातरी आवाज आला, मोठा नव्हता. पांढरा उजेड. नळीचं तोंड आणि तिथला व्हॉल्व्ह मेणासारखे गळाले.
कोणाला काही लागलं नाही. क्षि. माझ्या शेजारी उभी होती. एवढंच म्हणाली, "हे होऊच शकत नाही."
मला तेव्हाच आठवलं का? नाही. खरंच नाही. निदान मला तरी

८ ऑक्टो.
कंपनीची प्रेसनोट: स्वच्छतेत त्रुटी, तपासणीवर क्वालिटी विभागाची सही, चौकशी सुरू. डेस्कची घाई. बातमी वीस मिनिटांत लिहून दिली. मथळा मलाच सुचला, 'सोवळं मोडलं'. नाव नाही घातलं, पण 'तपासणीवर सही करणाऱ्या महिला अभियंत्या' असं घातलं. त्या खात्यात महिला एकच आहे.
मथळ्याचं कौतुक झालं.

९ ऑक्टो., गुरु.
बळीराम तळेगाव चौकात थांबला होता. बसमधून उतरलो तसा बाजूला घेतलं.
"सर, ते बूच आपण काढलं व्हतं."
मी म्हणालो, बोटभर शेंदराने एवढी नळी वितळते होय?
"ते तुमीच लिहिलं व्हतं पेपरात. म्या घरी वाचून दाखवलं."
पाठांतर माझं लहानपणापासून चांगलं. पाठ केलेलं हाताला कळत नाही, एवढाच त्यात दोष.
बळीरामची पोरगी बारावीला. स्टिकर त्याने सोलला, परत त्यानेच चिकटवला; कळलं तर गेटबाहेर. मला वाटलं गप्प राहा म्हणेल. म्हणाला, "तुमी सांगत असाल तर मी बी येतो संगं. एकट्याचं माझं कोन ऐकतंय? पोरांनी पूजा केली म्हनून पोरांनाच काढतील." मग बसला हात केला आणि गेला.

११ ऑक्टो., शनि.
क्षि. ला घरी बसवलंय. चौकशी बुधवारी.
दत्तूभाऊ म्हणाले, ती सामान न्यायला आली होती. "पिशवी एकच व्हती बघा. च्या घेतला. तुमचाच पेपर वाचत बसली. लई येळ. एवढं काय लिवता वो तुमी त्याच्यात?"
मनोऱ्याचं विचारायला गेलो होतो. ते राहिलंच.
घरी हिला सगळं सांगितलं. हिने भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, "मग सांगून टाका की." जरा वेळाने म्हणाली, "ओलं खोबरं आणायला सांगितलं होतं, तेही विसरलात."

१३ ऑक्टो., सोम.
दुपारी क्षि. चा फोन. आवाजात राग नाही, हेच वाईट. "सर, खंडेनवमीला तुम्ही होतात ना? तुमच्याकडे पूजेचे फोटो असतील तर पाठवाल? मला एवढंच बघायचंय की त्या दिवशी बूच जागेवर होतं का. बाकी कोणाला विचारलं तर विषय वाढवतील. तुम्ही बाहेरचे, म्हणून."
म्हणालो, बघतो. असतील कदाचित.
आहेत. सहा आहेत. चौथ्यात माझं बोट आहे.

१४ ऑक्टो., मंगळ.
सदर आज दिलं नाही. संपादकांनी विचारलं, रॉकेट थकलं का? म्हणालो, तब्येत.
मनोरा ७ वरच. दोन तुकडे आडवे. दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर नाहीत.
सकाळपासून कारणं जमवतोय. बळीरामची नोकरी. पोरांची पूजा पुढच्या वर्षी बंद होईल. तेलाने खरंच पेटलं की व्हॉल्व्हमध्येच दोष होता, हे अजून सिद्ध कुठे झालंय. सगळी कारणं चांगली आहेत आणि एकही माझं नाही. बळीराम तर यायला तयार बसलाय.
मला भीती हसण्याची आहे. ज्याने सोवळ्यावर सदर लिहिलं त्यानेच जाऊन बोट घातलं, हे चाकणपासून आमच्या रहाटणीपर्यंत चहाबरोबर चघळतील. मीच दुसऱ्याचं असतं तर चघळलं असतं. एवढ्यासाठी मी एका पोरीची नोकरी, तिचं नाव, तिची सही पणाला लावू शकतो, हे मला गेल्या पाच दिवसांत कळलंय. उद्या अकराला चौकशी. मी अजून तिला फोन केलेला नाही. उद्याही करणार नाही, अशी मला काळजी वाटते.