खोल पाण्यातल्या काठ्या

मंगळवार, ४

नाही हो, मला कुणी काही विचारलं नाही! चौकीतल्या हवालदाराला तीनदा हेच सांगितलं. चौथ्यांदा म्हटलं, "साहेब, माझ्या नवऱ्यानंसुद्धा मरेपर्यंत मला काही विचारलं नाही, तुमची फौज कशाला विचारेल?" हसला. पण लिहून घेतलं. हसून लिहिणाऱ्याचा भरवसा नाही.

बुधवार, ५

वाणीण आज फारच गोड. "काकू, चहा घ्या." चार वर्षांत पहिल्यांदा! मग मुद्दाम मोठ्यांदा — "तुमची लेक नदीपलीकडेच दिलीय ना?" दुकानात दोन शिपाई उभे होते.

पण शिपायांचाही तोरा उतरलाय. पलीकडचा मुलूख आठ दिवसांत घेणार होते. सतरा गाड्या नदीत गेल्या, तोफा गाळात, आणि आता पलीकडचेच आम्हाला अटी घालतायत! परवापर्यंत माझ्या कोंबड्या न विचारता उचलणारे आज दारात म्हणतात — "मावशी, पाणी मिळेल का?"

शुक्रवार, ७

सगळ्यांचं एकच — गाड्या खोल पाण्यात घातल्याच कशा?

आमच्या नदीत काठ्या रोवतात त्या होड्यांसाठी. जिथे काठ्या तिथे पाणी खोल, होडी तळाला घासत नाही. चालत जायचं तर वरच्या अंगानं, काठ्यांपासून लांब. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फौज नेमकी काठ्यांमधून घुसली. कुणीतरी सांगितलं असणारच.

काठ्या रोवतात भाऊजी. नवऱ्यामागे होडी तेच चालवतात. आज जेवताना म्हणाले, "वहिनी, जरा जपून बोलत जा." मला का सांगतात? काय ठाऊक आहे त्यांना?

शनिवार, ८

भाऊजींनी माझी घागर स्वतः भरून आणली. कशाला?

रविवार, ९

भाऊजींना नेलं.

हवालदार हसत नव्हता. "फौजेला बुडवलं यानंच. उद्या गोळी." भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघून — "वहिनी, घरातच थांबा. लेकीची खुशाली कळवा."

मेला, आयुष्यभर एक थट्टा समजली नाही याला! आणि हे बरं समजलं!

सोमवार, १०

वही घेऊन चौकीत चाललेय. म्हातारीच्या तोंडावर विश्वास नाही ठेवायचे, अक्षरावर ठेवतील.

विचारलं होतं. फौजेचा मोठा साहेब स्वतः घाटावर आला — "चालत कुठून जायचं?"

मी म्हटलं, "काठ्यांमधून, साहेब. गुडघाभर पाणी."