एकतिसावा निकष आणि मामांचं डोकं

तीर्थस्वरूप मामांस,

कात्री खाली ठेवून, हात धुऊन आणि मान वाकवून नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मामी रोज व्यायाम करायला लावतात म्हणून तुम्ही फोनवर कुरकुरलात, पण या बाबतीत मी मामींच्या बाजूचा आहे, हे लेखी देतो. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे माझा वर्ग बंद पडायची वेळ आली आहे, तेवढं सोडलं तर ठीकच.

झालं असं की, केस कापायला शिकवणारा माझा वर्ग (पंधरा वर्षं, तीन खुर्च्या, एक गळका नळ) ऑनलाइन करा, असं आमच्या प्राचार्यांनी फर्मावलं. मी म्हटलं, साहेब, मग पोहणंही असंच शिकवू या की. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात एक तक्ता ठेवला. त्याला म्हणे रुब्रिक म्हणतात. चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम कसा असावा याचे चाळीस निकष, प्रत्येकाला गुण, एकूण शंभर. पंच्याऐंशी पडले तर वर्ग चालू, नाहीतर खुर्च्या भंगारात आणि मी कचेरीत हजेरीपटावर शिक्के मारायला. तपासायला एक बाई नेमल्या. जाड चष्मा, लाल पेन आणि शांत आवाज. शांत आवाजाच्या माणसांची मला पहिल्यापासून धास्ती आहे, तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्याच निकषावर माझी दांडी उडाली. शिकणाऱ्याला काय येईल ते मोजता येईल अशा शब्दांत लिहायचं. मी लिहिलं, ‘हात बसेल.’ बाईंनी खोडलं. हात बसला हे मोजणार कसं, म्हणाल्या. आता मामा, तुमच्या सलूनमध्ये शिकवताना तुम्ही आम्हाला कधी मोजलंत? मागे उभे राहायचात, कात्रीचा आवाज ऐकायचात आणि ‘हं’ म्हणायचात. एक ‘हं’ म्हणजे चालू दे, दोन म्हणजे जमलं. (दुसऱ्या ‘हं’साठी मी सात महिने थांबलो होतो.) पण ‘हं’ला तक्त्यात रकाना नाही. शेवटी लिहिलं, ‘शिकणारा दहा मिनिटांत, कानाला न लागता, एका बाजूचे केस कापेल.’ बाई खूश.

मग निघालं व्हिडिओंचं. एक व्हिडिओ सहा मिनिटांहून मोठा नको आणि प्रत्येकानंतर छोटी प्रश्नावली हवी, असा निकष. आमच्या ग्रंथपालांनी (अतिशय भला गृहस्थ) डोकं देऊ केलं. मी तक्त्याचा एवढा धसका घेतला होता की सहा मिनिटं झाली की कात्री बंद. आधी प्रश्नावली लिहायची, मगच पुढचा भाग. सोमवारी डावी बाजू झाली, मंगळवार-बुधवार प्रश्नावलीत गेले, उजवी बाजू गुरुवारी. एवढे दिवस तो माणूस अर्ध्या डोक्यानिशी पुस्तकं देत-घेत होता, आणि ग्रंथालयात कधी न फिरकणारी मंडळी रांग लावून उभी. गुरुवारी त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. त्या काय बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. (सलग चित्रण करून नंतर तुकडे पाडता येतात, हे बाईंनी शुक्रवारी सांगितलं.)

तर असं करत करत मी स्वतःला शहाण्णव गुण दिले आणि बाईंसमोर बसलो. बाई एकतिसाव्या निकषावर थांबल्या. शिकणाऱ्याला निर्धास्तपणे चुकायला जागा आहे का? मी ठोकून दिलं होतं, ‘आहे.’ बाईंनी विचारलं, कुठे? म्हटलं, प्लॅस्टिकचं डोकं वापरतील. त्या म्हणाल्या, “आणि ते डोकं आरशात बघून काय म्हणेल?”

मामा, मला तुमच्या दुकानातला आरसा आठवला. इतके दिवस मी त्या तक्त्याला शिव्या घालत होतो, आणि त्यानं नेमकं तेच विचारलं जे मी विसरलो होतो. एकोणीस वर्षांचा, दोनदा परीक्षेत आपटलेला मी तुमच्याकडे आलो. गिऱ्हाइकाला तुम्ही हात लावू दिला नाहीत. दुकानाला सुट्टी असली की स्वतः खुर्चीत बसायचात आणि म्हणायचात, काप. तुमचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, तरी बसलात. मी उजव्या कानावरच्या केसांत हा एवढा खड्डा पाडला. मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही आरशात बघून म्हणालात, “हं. आता हा झाकायचा कसा ते शिक.” गेल्या पंधरा वर्षांत मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला माझं डोकं दिलेलं नाही. मला लाज वाटली, मामा. खरंच वाटली.

घरी येऊन तो धडा मी नव्यानं लिहिला. शिकणाऱ्यानं एका राजी माणसाला आधीच सांगायचं की बिघडू शकतं. मग बिघडल्याचा फोटो पाठवायचा, आणि सुधारल्याचाही. गुण सुधारण्याला. पहिलं डोकं माझं. पहिला विद्यार्थी व्हायला ग्रंथपाल तयार झाले. फारच उत्साहानं तयार झाले. सध्या मी टोपी घालून हिंडतो.

मामींना नमस्कार. व्यायाम चुकवू नका.

तुमचा भाचा

ता. क. – बाईंनी चौऱ्याऐंशी दिले. एक गुण अडलाय. शिक्षकाची ओळख खरी आणि आपुलकीची हवी, असा निकष आहे. त्या म्हणाल्या, मामांची गोष्टच लिहा आणि फोटो लावा. तेव्हा तुमच्या लग्नातला उजव्या बाजूनं काढलेला फोटो पाठवाल का? (पत्र खरं तर यासाठीच.)

आणखी एक – कपाटावरचा डबा पडून डोक्याला खोक पडली, म्हणून तिथले केस कापले, असं तुम्ही तेव्हा मामींना सांगितलंत. एकोणतीस वर्षं त्या बिचाऱ्या कपाटावर काही ठेवू देत नाहीत. आता अभ्यासक्रमातलं हे पान त्याही वाचणार. माझी चूक तुम्ही एवढी वर्षं स्वतःच्या डोक्यावर घेतलीत, ती उघड करायची परवानगी मागतो आहे. नको असेल तर राहू दे, मी शिक्के मारीन.

लांबलचक उत्तर नको. नुसतं ‘हं’ लिहून पाठवा, मी समजेन. दोनदा लिहिलंत, तर तो कागद मी बाईंनाही दाखवणार नाही.