राहिलेली उजवी बाजू

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, आज मंगळवारी सकाळी सात वाजता दुकानामागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. मी नशापाणी केलेले नाही; चहासुद्धा घेतलेला नाही, कारण चहाने हात थरथरतो. भीती मात्र वाटते आहे, आणि ती लपवत नाही. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना मी विचारले, घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का? त्या म्हणाल्या, "काका, बहुतेक जण घाबरूनच लिहितात." तेवढ्या आधारावर पुढे जातो.

भीतीचे कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणावर संशय नको. आज नऊ वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दाढी करणार आहे. रेझर माझ्या वडिलांचा, जुना. त्याला एकाच धारेचे ब्लेड लागते. दुसऱ्या बाजूला जाड पाठ असते. रेझरचे डोके झाकणासारखे उघडायचे, ब्लेड आत सरकवायचे, खटका दाबायचा. तो खटका मी काल चाळीस वेळा दाबून पाहिला. डॉक्टरांनी मला रक्त पातळ राहण्याची गोळी दिलेली आहे आणि वर बजावले आहे, "कापून घेऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही." चार दिवस हे वाक्य माझ्या कानात आहे.

कलम १. दुकान, ही खोली, वरचा पोटमाळा आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने सगळे विकले तरी माझी हरकत नाही. फक्त न्हाणीघरातला आरसा आधी काढून टाकावा. त्यात धडधाकट माणूसही आजारी दिसतो आणि मी मुळात धडधाकट नाही.

कलम २. दाबयंत्र, पुठ्ठा कापायच्या सुऱ्या, पोलादी पट्टी, सुया आणि दोऱ्याची रिळे शिवणाऱ्या बाईंना. बावीस वर्षे त्या माझ्याकडे पुस्तकांची पाने शिवतात. कागद कापायचे मोठे यंत्र मी कधीच चालवले नाही, हे त्यांना एकट्यांना ठाऊक आहे. मी गठ्ठा लावून मागे सरायचो, दांडा त्या ओढायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचे कापतो मीच. बाईंनी कधी अवाक्षर काढले नाही, म्हणून ते यंत्रही त्यांचेच.

कलम ३. शाळेतल्या मास्तरांचा जाडजूड शब्दकोश माझ्याकडे बांधायला आला होता. काल दुपारी, चामडे ते चामडे, असा विचार करून मी त्याच्या नव्या कव्हरला साबणाचा फेस लावला आणि रेझर फिरवून सराव केला. पुठ्ठ्यावर सुरी चालवायची तर जोर द्यावा लागतो, तोच जोर हातातून गेला. कव्हरला बोटभर चीर पडली. कपाटातले चांगले तपकिरी चामडे वापरून बाईंनी नवे कव्हर करून द्यावे आणि मास्तरांना कारण सांगू नये.

कलम ४. हे कलम माझ्या दादाविषयी आहे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात भांडणे लिहायची नसतात. पण मग ती लिहायची कुठे?

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचे केशकर्तनालय चौकात होते. मिसरूड फुटले त्या दिवसापासून सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत माझी दाढी त्यानेच केली, एक दिवसाआड. घरात न्हावी असताना स्वतःच्या गळ्यावर पाते कशाला धरायचे, असे मी म्हणायचो. खरे म्हणजे मला भीती वाटायची. मला कुत्र्याची वाटते, लिफ्टची वाटते, दारावरच्या घंटेचीही वाटते. दादा मला भागूबाई म्हणायचा, आणि घरात मी ते चालवून घ्यायचो.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो. दुकान भरलेले होते. डावा गाल करून झाला होता, उजव्याला फेस होता. कोणीतरी माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली. दादा वस्तरा पुसत हसत म्हणाला, "ठणठणीत आहे ती! ऑपरेशनच्या कागदावर सही करायची तर आमची भागूबाई जिन्यात लपली होती. सही मी केली, म्हणून आज ती आहे." सगळे हसले. मी उठलो, गळ्यातला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि तसाच, अर्ध्या तोंडाला फेस घेऊन, चौकातून घरी चालत आलो. त्यानंतर दाढी वाढवली. दुसऱ्या कोणाकडे करवली नाही, त्याच्याकडे गेलो नाही.

तो खोटे बोलला असता तर मी महिन्याभरात विसरलो असतो. मी जिन्यात होतो. फॉर्म हातात घेऊन तिसऱ्या पायरीवर बसलो होतो आणि पेनाचे टोपण निघत नव्हते.

त्या सहीमुळे ती नंतर बरीच वर्षे जगली. "जा आणि राहिलेला गाल करून या," असे शेवटपर्यंत म्हणायची. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा दादा आला, दाराशी उभा राहिला आणि निघून गेला. मी वर पाहिले नाही, याची मला लाज वाटते.

तीन महिन्यांपूर्वी दादाला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. दुसरा झटका कधीही येऊ शकतो असे डॉक्टर म्हणतात. गेल्या शुक्रवारी पुतणी ही रेझरची डबी घेऊन आली. म्हणाली, "बाबांचा निरोप आहे, काका. 'ही त्याला दे. स्वतः दाढी करून ये म्हणावं, नाहीतर येऊच नको.'" मी विचारले, "आणखी काही?" ती म्हणाली, "नाही. पण रोज विचारतात, आला का म्हणून."

कलम ५. रेझरमुळे माझे काही बरेवाईट झाल्यास तो धुऊन, पुसून दादाला परत द्यावा. आणि त्याला सांगावे की मी प्रयत्न केला होता.

नऊ वाजले. उठतो.

(पुढचा मजकूर दादाच्या घरी, त्याच्या पलंगाशेजारी बसून लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, पण माझेच आहे.)

कलम ६. घडले ते असे. कात्रीने दाढी आखूड केली, फेस लावला, डाव्या कानाशी रेझर टेकवला. मग स्टूल ओढून त्यावर बसलो. गाल निभावला. हनुवटीशी आल्यावर हात पुन्हा पुस्तकबांधणीवर गेला, दिला जोर. आधी काहीच वाटले नाही. मग पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली आणि थांबेचना. मी ओरडलो. काय ओरडलो ते वकीलबाई सांगत नाहीत, पण त्या जिन्यावरून धावत खाली आल्या. त्यांनी तुरटी दाबून धरली. पंचवीस मिनिटे मी डोळे मिटून बसलो आणि मुलीचा फोन नंबर म्हणत राहिलो. रक्त थांबले. उजव्या बाजूला हात लावायची माझी छाती झाली नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आज राहू द्या. उद्या जा." उद्या मी मुळीच गेलो नसतो, हे मला माहीत होते. मफलर गुंडाळून, रेझरची डबी आणि हे कागद घेऊन त्यांच्या गाडीत बसलो.

दादा उशांना टेकून बसला होता. खूप बारीक झाला आहे. पुतणीने मफलर काढला. एक गाल गुळगुळीत, हनुवटीवर कापूस, दुसऱ्या गालावर अकरा वर्षांची कातरलेली दाढी. मला वाटले, आता हसेल आणि घालवून देईल. त्याने एक गाल पाहिला, दुसरा पाहिला. मग वाकड्या ओठाने, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "अरे... डावी... मी तेव्हाच केली होती की."

मी रडलो. तोही रडला. पुतणी फेस करायला गेली, कारण दादाने डाव्या हाताने तशी खूण केली होती.

ती परत आली आणि म्हणाली, "बाबा, नका. काकांना रक्ताची गोळी चालू आहे. तुमचा हात हलतो."

दादा मला म्हणाला, "बस."

मी बसलो. त्याचा एकच हात चालतो, म्हणून गालाचे कातडे मला ताणून धरावे लागले. त्याचा हात थरथरत होता आणि शेवटपर्यंत थरथरतच राहिला. गळ्यावर पाते आले तेव्हा मला दार दिसत होते, ते उघडे होते. त्याने दोनदा कापले. मी उठलो नाही.

कलम ७. वकीलबाईंनी आता सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मला साक्षीला दादाच हवा आहे. म्हणून कलम ५ रद्द. रेझर मी त्याला आजच, जिवंतपणी, हातात दिला आहे. तो त्याच्या उशाशी राहील. दर मंगळवारी मी त्याची दाढी करायची आणि त्याने माझी, असे ठरले आहे. आज त्याची राहिली, कारण माझे हात अजून थांबलेले नाहीत.

पेनाचे टोपण दादा काढत होता. मी ते त्याच्याकडून घेतले आणि स्वतः काढले.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या देखत त्यावर मी माझ्या हाताने सही करीत आहे.

(सही) पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार:
१. (सही) वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई. शेरा: कलम ३ आणि ४ गाळावीत असे मी सुचवले होते. ऐकले नाही.
२. (डाव्या हाताची सही) दादा

ठिकाण: दादाची खोली, पलंगाशेजारी
तारीख: चौदा, मंगळवार, दुपारचा सव्वा वाजला आहे

(पानाच्या खालच्या कोपऱ्यातले दोन डाग माझ्या रक्ताचे आहेत. त्यामुळे मजकुरात फरक पडत नाही.)